कस्टम वॉटर कूलिंगसाठी कॅबिनेट घेताना या चुका टाळा

लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, मी दोनदा वेडा ठरलोय. पहिल्यांदा मापं न घेता कॉम्प्युटरचं कॅबिनेट उचललं म्हणून, आणि दुसऱ्यांदा पुठ्ठ्याचा रेडिएटर पिशवीत घालून दुकानात गेलो म्हणून. दुसरा वेडेपणा फुकटचा होता. पहिल्याला पैसे पडले. (नवख्यांसाठी: कस्टम वॉटर कूलिंगमध्ये पंप पाणी फिरवतो, ते प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डवर बसवलेल्या ब्लॉकमधून उष्णता घेतं आणि फॅन लावलेल्या रेडिएटरमध्ये निवतं. या फेरीला लूप म्हणतात.)

पहिलं कॅबिनेट देखणं होतं, दोन बाजूंना काच. खोक्यावर कुठे केवढा रेडिएटर बसेल ते छापलेलं: पुढे ३६०, वर ३६०, खाली २४०, मागे १२०. मी तरी खात्री म्हणून विचारलं, "वर ३६० बसेल ना?" शेठ म्हणाले, "बसेल म्हणजे काय, लिहिलंय की साहेब." खोटं बोलले नाहीत ते. ३६०चा सडपातळ रेडिएटर बसलाच असता. माझा ४५ मिलिमीटर जाड होता, त्याला २५चे फॅन, म्हणजे झाले ७०. आणि छतापासून मदरबोर्डच्या वरच्या कडेपर्यंत जागा होती ५८. बारा मिलिमीटरसाठी ते धूड मी ग्रँट रोडहून दादर आणि दादरहून मुलुंड असं आणलं होतं. तसंच मालडब्यातून परत नेलं. दादरच्या पुलावर काच आतल्या आत खडखडली तेव्हा पोटात जे झालं, ते अजून आठवतं. शेठनी बदलून दिलं, पण वरचे पैसे घेऊन.

तेव्हापासून एक कळलं. कॅबिनेटच्या माहितीपत्रकातली प्रत्येक ओळ खरी असते, पण सगळ्या ओळी एकदम खऱ्या नसतात. 'पुढे ३६०, वर ३६०, खाली २४०' यात स्वल्पविरामाच्या जागी 'आणि' वाचू नका, 'किंवा' वाचा. पुढे जाड रेडिएटर लावलात की वरच्याचं टोक त्याला धडकतं. खालचा लावलात की ग्राफिक्स कार्ड आणि तळाचे फॅन यांच्यात बोटभर जागाही उरत नाही. मग पंप कुठे ठेवणार? पंप आणि रिझर्व्हॉयर, म्हणजे पाण्याची टाकी, यांना माहितीपत्रकात जागाच नसते. ते बिचारे उरलेल्या फटीत राहायला येतात.

आकड्यांचंही एक सांगतो. ३६० म्हणजे १२०चे तीन फॅन, रेडिएटरची लांबी नव्हे. दोन्ही टोकांच्या टाक्या धरून प्रत्यक्ष रेडिएटर ३९०-४०० मिलिमीटर भरतो. त्याच्या पुढे फिटिंग आणि वळण घेणारी नव्वद अंशांची फिटिंग धरा, आणखी तीन-साडेतीन सेंटिमीटर गेले. २८० आणि ४२०च्या रेडिएटरला १४०चे फॅन लागतात, तेव्हा लांबी बसली तरी रुंदीत अडतं. जाडीत बाजारात साधारण तीन घराणी: २७-३०, ४५ आणि ६०. दोन्ही बाजूंनी फॅन लावायचे म्हटले तर ३०च्या रेडिएटरलाही ८० मिलिमीटर लागतात.

पुठ्ठ्याचा रेडिएटर

आता दुसरा वेडेपणा. घरातलं एखादं खोकं घ्या. आपल्या रेडिएटरच्या मापाचा, जाडीत फॅन धरून, एक ठोकळा कापून चिकटपट्टीने बांधा. माझा होता ४०० बाय १२५ बाय ७०. फिटिंग कुठे येणार तिथे पेनाच्या टोपणाचे दोन तुकडे खोचा. दुकानात उघडं ठेवलेलं कॅबिनेट असेलच, त्यात ठोकळा वर, पुढे, खाली लावून बघा. वर लावताना मदरबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्याकडे लक्ष ठेवा. प्रोसेसरला वीज देणारा आठ पिनांचा कनेक्टर तिथे असतो, आणि त्याची जाडजूड वायर वळायला जागा मागते. पहिली टक्कर तिथेच होते. दुसरी टक्कर उंच रॅमशी. तिसरी व्हीआरएमच्या, म्हणजे प्रोसेसरची वीज सांभाळणाऱ्या भागाच्या, हीटसिंकशी. काही कॅबिनेटांत वरची पट्टी काचेच्या बाजूला सरकवलेली असते, त्यामुळे रेडिएटर मदरबोर्डच्या पुढून खाली उतरू शकतो. अशा कॅबिनेटात रॅमची उंची तेवढी मोजा, बाकी सुटतं.

त्या दिवशी काउंटरवरचा पोरगा हसला. नंतर त्यानेच विचारलं, "दादा, हा ठोकळा ठेवून जाता का?" ठेवून आलो.

२०१८ साली लिअन ली कंपनीचं ओ११ डायनॅमिक हे कॅबिनेट आलं आणि लूपवाल्यांनी ते डोक्यावर घेतलं. कारण काचेपेक्षा त्याची रचना: पॉवर सप्लाय मदरबोर्डच्या मागच्या खोलीत, त्यामुळे पुढची खोली मोकळी, आणि वर, खाली, बाजूला असे तीन ३६० लावता येतात. पण त्यालाही 'किंवा' लागू आहेच. तीनही लावले तर तळाचा सडपातळच हवा. आणि पाण्याचे मार्ग कोरलेली ॲक्रिलिकची पाटी, म्हणजे डिस्ट्रो प्लेट, घेणार असाल तर कॅबिनेटचं नाव पूर्ण वाचा. साधं डायनॅमिक, एक्सएल आणि इव्हो या तिघांच्या पाट्या वेगळ्या. नाव तेच म्हणून कोणी स्वस्तात दिली तर ती भिंतीवर टांगायच्या कामाची.

मुंबईचा हिशेब वेगळा

कॅबिनेटच्या चाचण्यांचे जे परदेशी व्हिडिओ आपण बघतो, त्यांतल्या खोल्या बहुधा थंड असतात. आपल्याकडे मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत ३३ अंश सहज. रेडिएटर पाण्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, चांगला लूप म्हणजे हवेपेक्षा दहा-बारा अंश वर. म्हणजे पाणी ४५ला. अजून सगळं ठीक. पण समोर सलग काच आणि कडेला सेंटिमीटरभर फट असलेलं कॅबिनेट घेतलंत, की फॅन श्वासासाठी तडफडतात आणि पाणी पंचावन्नच्या पुढे सरकतं. डी५ जातीच्या पंपाची मर्यादा ६० अंश. पीईटीजी प्लास्टिकच्या कडक नळ्या त्याच्या आसपास नरम पडायला लागतात आणि फिटिंगमधून हळूच निसटू बघतात. जाळीदार पुढा असलेलं कॅबिनेट दिसायला साधं, पण मुंबईत तेच घ्या. काच हवीच असेल तर बाजूला घ्या.

किती रेडिएटर लागतील? ढोबळ हिशेब असा, की १२०चा एक भाग फॅनचा फार आवाज न करता शंभरेक वॅट उष्णता काढतो. आय९ १४९००के प्रोसेसर पूर्ण जोरात २५३ वॅट घेतो, आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्डची मर्यादा ४५० वॅट. म्हणजे ७०० वॅट, १२०चे सात भाग. खेळताना दोन्ही एकदम टोकाला जात नाहीत, त्यामुळे दोन ३६०वर भागतं. पण एसीशिवाय चालवणार असाल तर त्याखाली उतरू नका. एकच ३६० मावणारं कॅबिनेट घेऊन दोन्ही ब्लॉक लावायचे असतील तर त्यापेक्षा तयार जोडलेला ऑल-इन-वन कूलर घ्या आणि उरलेल्या पैशांत गणपतीला कोकणात जाऊन या.

इथे एक गैरसमज कॅबिनेट निवडीतच घोळ घालतो: 'प्रत्येक ब्लॉकनंतर एक रेडिएटर हवा.' मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल तर ७०० वॅट पोटात घेऊनही ते एका फेरीत जेमतेम अडीच अंशांनी तापतं. त्यामुळे लूपभर पाणी जवळपास सारखंच गरम असतं. क्रमासाठी नळ्यांची जिलबी घालू नका, जवळचा रस्ता घ्या. रिझर्व्हॉयर पंपाच्या आधी आणि शक्यतो वर, एवढा एकच नियम पाळा.

दुसरा गैरसमज दमट हवेचा. "मुंबईत नळ्यांवर दव धरेल," असं मला निदान पाच जणांनी सांगितलंय. दव धरायला पृष्ठभाग हवेपेक्षा थंड लागतो, आणि आपलं पाणी कायम हवेपेक्षा गरम. पाणी हवेपेक्षा गार करणारा चिलर जोडला तरच ही काळजी. खारी दमट हवा त्रास देते ती लोखंडाला. नळी आरपार न्यायला कॅबिनेटच्या पत्र्याला भोक पाडलंत तर कापलेल्या कडेला त्याच दिवशी रंग द्या. मी नेलपॉलिशचे दोन हात देतो. माझ्या जुन्या कॅबिनेटच्या न रंगवलेल्या कडेला पहिल्याच पावसाळ्यात तांबूस गंज धरला होता.

धुळीचं तर बोलायलाच नको. शेजारच्या इमारतीचं रीडेव्हलपमेंट सुरू असेल तर महिन्याभरात रेडिएटरच्या पात्यांत सिमेंटची राख. बाहेरून ओढता येणारी जाळी, कॅबिनेट न हलवता निघेल अशी, ही सोय मी दिव्यांच्या आधी बघतो. तळाच्या जाळीला मागून ओढायचं असेल तर भिंतीला टेकवलेल्या टेबलावर ती कधीच साफ होणार नाही.

पाणी काढणार कुठून?

या प्रश्नाचा विचार कॅबिनेट घेताना कोणीच करत नाही. मीही केला नव्हता. लूप वर्षातून एकदा तरी रिकामा करावा लागतो, आणि पाणी निघतं ते सर्वांत खालच्या बिंदूतून. तळाला रेडिएटर असेल आणि त्याची तोंडं वर असतील, तर त्यातलं पाणी तिथेच बसून राहतं. मग कॅबिनेट आडवं-तिरपं करणं आलं. मोठं कॅबिनेट, दोन रेडिएटर, काच आणि लिटर-दीड लिटर पाणी मिळून २५ किलोच्या घरात जातं. आमच्या वन बीएचकेत ते उचलून मोरीच्या कट्ट्यावर तिरपं धरलं होतं. एका हातात कॅबिनेट, दुसऱ्या हातात नळी, खाली निळं पाणी धरलेली बादली. आई दारात येऊन म्हणाली, "अरे, अंघोळीची बादली घेतलीस?" त्या दिवसापासून कूलंटची बादली वेगळी आहे, तिच्यावर मार्करने फुली मारलेली.

म्हणून बघा: तळाशी किंवा मागच्या बाजूला खाली ड्रेन व्हॉल्व्ह बसवायला जागा आहे का, वर पाणी भरायचं तोंड काढता येतं का, दोन्ही बाजू उघडतात का. आणि टेबल मोजा. आपल्याकडची बरीच टेबलं दोन फूट खोल असतात, काही मोठी कॅबिनेटं जवळपास तेवढीच. मागे वायरींना चार इंच, गरम हवा निघायला जागा. जमिनीवर ठेवाल तर तळाचा रेडिएटर केर काढायचं काम करेल.

घेऊन झालंय, आता काय?

आधी खापर कॅबिनेटवर फोडू नका, तपासा. खेळ सुरू करताच दहा-पंधरा सेकंदांत प्रोसेसर नव्वदीला पोचत असेल तर पाणी तापायलाही वेळ मिळालेला नसतो. दोष ब्लॉकच्या बसवणीत किंवा ब्लॉक आणि प्रोसेसरमधल्या पेस्टमध्ये आहे. सुरुवात छान आणि मग वीस-तीस मिनिटांत सगळंच हळूहळू चढत गेलं, तर पाणी तापतंय. अशा वेळी बाजूची काच आणि पुढचा पुढा काढून तोच खेळ पुन्हा चालवा. पाणी चार-पाच अंशांनी उतरलं तर कॅबिनेट गुदमरतंय. उतरलंच नाही तर रेडिएटर कमी पडतोय किंवा पात्यांत धूळ आहे.

गुदमरत असेल तर नवं घेण्याआधी फॅनची दिशा बघा. पुढच्या रेडिएटरची गरम हवा आत येते आणि वरचा तीच बाहेर टाकतो, ही रचना बहुतेक जण करतात. वरच्याच्या वाट्याला शिळी हवा येते. वरचे फॅनही आत ओढणारे करून मागून एक-दोन फॅनने बाहेर काढली तर माझ्याकडे पाणी तीन अंश उतरलं. धूळ थोडी वाढली, ते कबूल.

पंपाची घरघर बहुतेक वेळा पंपाची नसते, पातळ पत्र्याची असते. पंपाखाली रबराचे बुशिंग किंवा फोमचा जाड तुकडा घाला. पाण्यात गुळगुळ आवाज येत असेल तर वरच्या रेडिएटरच्या टाकीत हवा अडकलीय. रिझर्व्हॉयर निम्म्यावर भरलेलं ठेवा, पंप चालू ठेवून कॅबिनेट सावकाश चारही बाजूंना कलवा. हे करताना मदरबोर्डला वीज देऊ नका. चोवीस पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी वायर जोडून पॉवर सप्लाय फक्त पंपासाठी चालवायचा, सांध्यांखाली टिश्यू पेपर लावायचे आणि चोवीस तास तसंच सोडायचं. वायरी सगळ्याच काळ्या असतील तर पॉवर सप्लायसोबत आलेला किंवा बाजारात मिळणारा जंपर लावा, अंदाजाने पिना जोडू नका.

टिश्यू पांढरे निवडा. माझे एकदा निळ्या नक्षीचे होते आणि कूलंटही निळं.