नॉन-एसी मारुती ८०० ला घरच्या घरी एसी बसवताना

कार्ब्युरेटरवाल्या नॉन-एसी ८०० साठी युनिव्हर्सल किटच्या मागे लागू नका. याच गाडीच्या एसी मॉडेलचे भाग जमवा. कॉम्प्रेसरचं ब्रॅकेट, क्रँकची एसीच्या पट्ट्याची पुली, कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) पंख्यासकट, कूलिंग कॉइलचं युनिट आणि आयडल-अपचा सोलेनॉइड (एसी लागल्यावर इंजिनाचा आयडल वाढवणारा) हे मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या जुन्या स्पेअरच्या बाजारात शोधा. वेल्डिंग करून बनवलेल्या ब्रॅकेटवर दोन पुल्या क्वचितच एका रेषेत येतात. दीड-दोन मिलिमीटरचा फरकसुद्धा पट्टा कडेने खातो.

ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा डबा), एक्सपान्शन व्हॉल्व्ह (गॅसचा दाब उतरवून तो कॉइलमध्ये सोडणारी झडप), होस आणि सगळे ओ-रिंग मात्र नवेच हवेत. ओ-रिंग आर-१३४ए या एसीच्या गॅसला चालणारे, म्हणजे सहसा हिरवे, घ्या. जुना कॉम्प्रेसर आर-१२ या जुन्या गॅसच्या काळातला असेल तर आतलं मिनरल ऑइल पूर्ण काढा. ते आर-१३४ए मध्ये मिसळत नाही, म्हणून गॅसबरोबर फिरून परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. नवं पॅग ऑइल (आर-१३४ए मध्ये मिसळणारं तेल) कॉम्प्रेसरच्या स्टिकरवरच्या ग्रेडचं, तेवढंच मोजून भरा.

आधी इंजिनाची तब्येत बघा. चाळीसच्या आत अश्वशक्ती असलेल्या ७९६ सीसीच्या इंजिनावर कॉम्प्रेसरचा भार जाणवतोच. रेडिएटर अर्धा तुंबलेला असेल तर पहिल्या घाटातच काटा वर जाईल, तेव्हा तो साफ करून घ्या. विजेचाही हिशेब करा. ब्लोअर, कंडेन्सरचा पंखा आणि कॉम्प्रेसरचा क्लच मिळून साधारण २० अँपिअर खातात. त्यात हेडलाइट आणि वायपर धरले तर ४५ अँपिअरच्या खालचा अल्टरनेटर पावसाळी रात्री बॅटरी उतरवतो.

बॅटरीची निगेटिव्ह काढून कामाला लागा. कंडेन्सर रेडिएटरपासून १५ ते २० मिलिमीटर पुढे ठेवा आणि दोघांच्या कडांमधली फट फोमच्या पट्टीने बंद करा, नाहीतर इंजिनाची गरम हवा फिरून पुन्हा कंडेन्सरवर येते. कूलिंग युनिटचा ड्रेन पाइप उताराने गाडीखाली काढा. कोकणातल्या दमट हवेत भरपूर पाणी सुटतं, आणि पाइप दुमडला तर ते पायाखालच्या मॅटमध्ये मुरतं. फायरवॉलमधून जाणाऱ्या प्रत्येक पाइपला रबरी ग्रोमेट लावा. नट घट्ट करताना नेहमी दोन पाने वापरा, एकाने धरा, दुसऱ्याने फिरवा. ॲल्युमिनियमची नळी पिळली की कामातून गेली. ड्रायरची टोपणं अगदी शेवटी, व्हॅक्यूमच्या आधी काढा. उघडा ड्रायर हवेतली ओल शोषून तिथेच संपतो.

क्लच आणि पंख्याला वेगवेगळे रिले आणि फ्यूज द्या. एसीच्या स्विचची लाइन ब्लोअरच्या स्विचमधून घ्या आणि ती थर्मोस्टॅट व प्रेशर स्विचमधून रिलेपर्यंत न्या. ब्लोअर बंद असताना कॉम्प्रेसर चालला तर कॉइलवर बर्फ जमतो. याच लाइनवर आयडल-अपचा सोलेनॉइड जोडा. एसी लागल्यावर आयडल हजार आरपीएमच्या आसपास राहायला हवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि नेमकी इथेच घाई होते. सिस्टिममध्ये १५० पीएसआय कोरडा नायट्रोजन भरा, प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा आणि अर्धा तास प्रेशर गेजचा काटा हलतो का ते बघा. लीकेज नसेल तर नायट्रोजन सोडून व्हॅक्यूम पंप किमान ४५ मिनिटं चालवा. पंप फक्त हवा काढायला नसतो. व्हॅक्यूम पुरेसा खोल गेला की आतलं पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळून वाफ होतं आणि बाहेर पडतं. मुंबईत व्हॅक्यूमचा काटा पाऱ्याच्या २९ इंचांच्या पुढे जायला हवा. पुणं सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे २८ च्या आसपास थांबला तर पंपाला दोष देऊ नका. पंप बंद केल्यावर अर्धा तास काटा जागेवर राहिला पाहिजे.

गॅस वजनावर भरा, याच गाडीच्या एसी मॉडेलसाठी दिलेल्या ग्रॅमइतकाच. थोडा गॅस जाऊ द्या, क्लचची पुढची प्लेट हाताने दहा वेळा फिरवा, मग इंजिन चालू करून उरलेला लो साइडने (कॉम्प्रेसरकडे गॅस परत येतो त्या कमी दाबाच्या बाजूने), डबा उभा धरून भरा. उलट्या डब्यातून द्रव आत गेला तर कॉम्प्रेसरचे व्हॉल्व्ह मोडतात. डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेतच. द्रव गॅस उणे २६ अंशांना उकळतो. स्वस्त मिळतो म्हणून एलपीजीच्या जातीचा गॅस कधीही भरू नका. कॉइल फुटली तर तो केबिनमध्ये साठतो आणि एका ठिणगीने पेट घेतो.

बाहेर ३५ अंश आणि इंजिन १५०० आरपीएम असताना लो साइड साधारण २५ ते ४० आणि हाय साइड २०० ते २४० पीएसआय दाखवते. दोन्ही काटे जास्त वर असतील तर गॅस जास्त झाला आहे, आत हवा राहिली आहे किंवा कंडेन्सरला वारा मिळत नाही. पंधरा मिनिटं थंड हवा येऊन लो साइड शून्याखाली जाते आणि थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा ठीक चालतं, तेव्हा एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये ओल गोठते आहे; गॅस रिकव्हरी मशीनने काढून घ्या, ड्रायर बदला, पुन्हा व्हॅक्यूम करा. हायवेवर गार आणि सिग्नलला गरम होत असेल तर कंडेन्सरच्या पंख्याच्या दोन वायरी उलट्या लागल्या आहेत का बघा: ग्रिलवर धरलेला कागद आत ओढला जायला हवा.