गाडी हाताने धुताना आणि ऑटोमॅटिक वॉशमध्ये नेताना या चुका टाळा

धुतलेली गाडी सावलीत लखलखीत दिसते आणि दुसऱ्या दिवशी उन्हात उभी केली की बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटलेल्या दिसतात. अशा वेळी बहुतेकांचा पहिला संशय ऑटोमॅटिक वॉशच्या ब्रशवर जातो, आणि ज्यांनी गाडी कधी यंत्रात घातलेलीच नाही ते रंगाच्या दर्जाला नावे ठेवतात. दोन्ही ठिकाणी साप समजून भुई धोपटण्याचाच प्रकार घडतो. जुन्या पद्धतीच्या ताठ ब्रशचा दोष मान्य केला, तरी बहुतेक चरे ब्रश किंवा फडके आणि रंग यांच्यामध्ये सापडलेल्या वाळूच्या कणाने पडतात. त्यामुळे हात बरा की यंत्र बरे, या वादाआधी रंगाला काहीही लागण्यापूर्वी त्याच्यावरची धूळ किती निघाली होती, हे विचारायला हवे.

आजच्या गाड्यांवर कारखान्यात चढवलेला रंगाचा संपूर्ण थर साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो. त्यातील सर्वांत वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, सुमारे ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाच्या डोक्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून चमक टिकवणारे हे कवच किती पातळ आहे याचा अंदाज येईल. उलट रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि खनिजांसाठीच्या १ ते १० अंकांच्या मोज मापनश्रेणीवर त्यांचा कठीणपणा ७ आहे. साध्या काचेचा तो सुमारे ५.५ असतो. काचेला ओरखडणारा कण ओल्या फडक्याखाली का होईना, रंगावरून घासत नेला तर त्याची खूण राहणारच.

या रेषा गोलाकार दिसतात म्हणून ‘फडके गोल फिरवू नका, सरळ पुसा’ असा सल्ला दिला जातो. चरे सगळ्या दिशांनी पडलेले असतात. सूर्याच्या किंवा दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती जे प्रकाशाला आडवे असतात तेवढेच चमकतात, म्हणून त्यांचे वर्तुळ झाल्याचा भास होतो. सरळ पुसण्याने हा भास थोडा कमी होईल, पण कण रगडला गेला तर चरा चुकणार नाही.

कोरडे फडके

माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान गाडी धुण्याने होत नाही, ते रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ पुसण्याने होते. हे काम दोन मिनिटांत उरकते, गाडी स्वच्छ दिसते आणि म्हणूनच त्यातली हानी लक्षात येत नाही. वंगण म्हणून पाण्याचा थेंबही नसताना रात्रभर साचलेले कण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढले जातात, आणि हे वर्षातून शेकडो वेळा घडते. केवळ धूळ बसली असेल तर ती एक दिवस तशीच राहू द्यावी किंवा नुसत्या पाण्याने उडवावी. काचा पुसणे अपरिहार्य असेल तर त्यांच्यासाठी वेगळे ओले फडके ठेवावे आणि ते दाराच्या रंगावरून फिरवू नये.

हाताने धुताना होणाऱ्या चुका

पहिली चूक घाईची. पाण्याचा एक फवारा मारून लगेच साबणाचा स्पंज फिरवला जातो, तेव्हा सुटी धूळ गेलेली असते, पण चिकटलेला चिखल आणि चाकांनी उडवलेली रेती पत्र्यावरच असते. छतापासून खालपर्यंत भरपूर पाणी सोडावे, शक्य असल्यास फोम मारून काही मिनिटे थांबावे आणि तो सुकण्याआधी पुन्हा धुवावे. या पूर्वधुलाईत जितका मळ जाईल, तितका धुण्याच्या हातमोज्याखाली कमी येईल. पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते आणि तापलेल्या पत्र्यावर क्लिअर कोटला खड्डे पाडू शकते. तिच्यावर ओले फडके काही मिनिटे ठेवून ती मऊ करावी, नखाने खरवडू नये.

दुसरी चूक एका बादलीची. स्पंज गाडीवरून काढून साबणाच्या पाण्यात बुडवला की त्यातील रेती बादलीत उतरते आणि पुढच्या खेपेला तीच पुन्हा पत्र्यावर येते. त्यामुळे एका बादलीत शॅम्पूचे पाणी आणि दुसऱ्या बादलीत खळबळण्यासाठी साधे पाणी ठेवावे. दुसऱ्या बादलीच्या तळाशी जाळी बसवली तर खाली बसलेले कण पुन्हा वर येत नाहीत. पृष्ठभाग सपाट असलेल्या स्पंजाला कण आत घेता येत नाहीत आणि ते पृष्ठभागावरच राहतात. लांब धाग्यांचा मायक्रोफायबर हातमोजा त्यांना धाग्यांमध्ये ओढून घेतो. चाके आणि रिम यांच्यावर ब्रेकच्या झिजेची लोखंडी भुकटी असते, म्हणून त्यांचे फडके आणि बादली वेगळी हवी. दारांचा खालचा भाग आणि मागचा बंपर शेवटी घ्यावा. फडके एकदा जमिनीवर पडले की ते त्या दिवसापुरते बाद समजावे. झटकून पुन्हा वापरण्याचा मोह मला स्वतःला एकदा महागात पडला आहे आणि त्या चऱ्यावर पॉलिशशिवाय दुसरा इलाज नव्हता.

भांडी घासण्याचा साबण तेलकटपणा तोडण्यासाठीच बनवलेला असल्यामुळे तो गाडीवरचे संरक्षक वॅक्सही उतरवतो, शिवाय हातमोजा घसरता ठेवण्याचा गुण त्यात गाडीच्या शॅम्पूइतका नसतो. जुने वॅक्स मुद्दाम काढायचे असेल तेव्हा तो एखाद्या वेळी चालेल.

तापलेल्या पत्र्यावर उन्हात गाडी धुणे हा डागांचा हमखास मार्ग आहे. पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार पाणी उडून गेल्यावर जागच्या जागी राहतात. कूपनलिकेच्या क्षारयुक्त पाण्याने हा त्रास वाढतो. बोनेटला हात लावून ते थंड आहे याची खात्री करावी, सावलीत काम करावे आणि एकेक भाग धुऊन लगेच खळबळावा. वाळवताना मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल पत्र्यावर पसरून टिपून घ्यावे. रबरी पट्टीने पाणी ओढण्याची सवय सोडलेली बरी, कारण पट्टीखाली एखादा कण आला तर तो दाबून ओढला जातो. हे टॉवेल सुती कपड्यांसोबत धुतले तर त्यांना लव चिकटते आणि फॅब्रिक सॉफ्टनरमुळे त्यांची पाणी शोषण्याची ताकद जाते.

प्रेशर पंप वापरणाऱ्यांसाठी एवढेच: शून्य अंशाचे, बहुधा लाल रंगाचे नोझल गाडीवर कधीही वापरू नये, ४० अंशांचे, बहुधा पांढरे नोझल घ्यावे आणि अंतर निदान ३० सेंटिमीटर ठेवावे. टवका उडालेला रंग, संरक्षक फिल्मच्या कडा, टायरची बाजू आणि इंजिनाजवळचे वायरिंग यांच्यावर थेट धार सोडू नये. बिनचावीच्या गाडीचा रिमोट खिशात असेल तर दाराच्या मुठीवर पाणी पडताच कुलूप उघड-बंद होऊ शकते, काही गाड्यांत मागचे दारही उघडू शकते. तो घरात ठेवून यावे.

ऑटोमॅटिक वॉशमध्ये

सगळी यंत्रे सारखीच समजणे ही येथील मूळ चूक आहे. ब्रशच्या वॉशमध्ये मऊ फोमच्या किंवा कापडाच्या पट्ट्या गाडीला लागतात. जुन्या यंत्रांत प्लॅस्टिकचे ताठ तंतूही आढळतात. आपल्या आधीच्या गाडीचा चिखल पट्ट्यांतून पूर्ण निघालेला आहे, याची खात्री आपल्याला करता येत नाही. टचलेस वॉशमध्ये गाडीला काहीच लागत नाही, त्यामुळे चरे टळतात. पण घासण्याची उणीव तीव्र अल्कधर्मी रसायने भरून काढतात आणि ती वॅक्स लवकर उतरवतात, शिवाय घट्ट बसलेला मळ पुष्कळदा तसाच राहतो. माझा कौल विचाराल तर सवडीने, दोन बादल्यांनी धुतलेली गाडी सर्वांत सुरक्षित. पण घाईत, एका बादलीने धुण्यापेक्षा टचलेस वॉश पुष्कळ बरा.

ब्रशच्या वॉशमध्येच जायचे असेल, तर आत शिरण्याआधी चिखल प्रेशर पंपाने उडवून घ्यावा. अँटेना काढावा किंवा खाली करावा, आरसे मिटवावेत, पावसाचा अंदाज घेऊन आपोआप चालणारे वायपर बंद करावेत आणि सैल झालेली पट्टी किंवा बंपरचा कोपरा असेल तर आधी दुरुस्त करावा. मॅट रंगाची गाडी ब्रशच्या यंत्रात मुळीच घालू नये, कारण मॅट रंगावरचा चरा पॉलिशने काढता येत नाही. नुकताच पुन्हा रंगवलेला भाग असेल तर तो पूर्ण पक्का होईपर्यंत, साधारण महिनाभर, ऑटोमॅटिक वॉश टाळावा.

गिअरच्या बाबतीत मात्र गोंधळ होतो आणि तो महाग पडू शकतो. यंत्र उभ्या गाडीभोवती फिरणार असेल तर हँडब्रेक लावून गाडी स्थिर ठेवायची असते. सरकत्या पट्ट्यावरून गाडी पुढे नेणाऱ्या बोगद्यासारख्या वॉशमध्ये नेमके उलटे: गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सुटलेला, ऑटो होल्ड (थांबलेल्या गाडीचा ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) बंद आणि पाय ब्रेकवरून काढलेला हवा, नाहीतर चाक रोलरवरून सटकते किंवा मागची गाडी येऊन धडकते. अनेक ऑटोमॅटिक गाड्या इंजिन बंद करताच किंवा दार उघडताच स्वतःच ‘पार्क’ गिअरमध्ये जातात, आणि आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा समोरच्या ब्रशला अडथळा समजू शकते. गाडी न्यूट्रलमध्ये कशी ठेवायची, हे पुस्तिकेत आधी पाहून ठेवावे. टेस्लासारख्या काही गाड्यांत यासाठी खास कार वॉश मोड दिलेला असतो. तो काचा बंद करतो, चार्जिंगचे झाकण कुलूपबंद करतो आणि आपोआप चालणारे वायपर थांबवतो.

धुतल्यानंतर काही बिघडलेले वाटल्यास

पांढरे ठिपके दिसले तर ते ताजे असताना साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढेच शुद्ध पाणी मिसळून फडक्याने हलके लावावे आणि मिनिटाभरात धुवावे. तरीही ठिपके राहिले तर क्षार क्लिअर कोटमध्ये रुतले आहेत असे समजून पॉलिशचा विचार करावा. चऱ्यावरून नख हलके फिरवावे: नख अडले नाही तर चरा बहुधा वरच्या थरातच आहे आणि पॉलिशने जाऊ शकतो; नख अडले तर रंगकाम करणाऱ्याला दाखवावे. धुतलेल्या पत्र्यावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बोटे फिरवल्यावर खरखर जाणवली, तर चिकटलेले कण क्ले बारने (मातीसारख्या मऊ वडीने), भरपूर वंगण मारून काढावेत.

वॉशमधून आल्यावर वायपर काचेवर थडथडत असेल किंवा धूसर पट्टे उमटत असतील, तर वॉशमधील वॅक्सचा थर काचेवर बसला आहे. काच आणि वायपरचे रबर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. हेडलाइटच्या आत किंचित बाष्प दिसले तर दिवे लावून गाडी चालवल्यावर ते जाते; आत पाणी साचलेले दिसले तर सील फुटलेले असते. आसनाखालचा गालिचा ओला लागला तर दारांची रबरे आणि सनरूफचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तपासाव्यात. गाडी धुतल्यावर ब्रेकच्या डिस्कवर तांबूस गंज दिसतो, त्याने घाबरू नये. मागे वाहन नाही हे पाहून काही वेळा हलका ब्रेक लावला की तो घासला जातो आणि डिस्कही कोरडी होते. हे न करता गाडी रात्रभर उभी ठेवली, तर सकाळी निघताना ब्रेक चिकटल्याचा आवाज येऊ शकतो.