जिवाणूची पेशीभित्तिका: पेपरात आणि स्लाइडवर या चुका टाळा

‘पेनिसिलिन जिवाणूची पेशीभित्तिका फोडतं.’ टी.वाय.चे पेपर तपासताना हे वाक्य प्रत्येक गठ्ठ्यात भेटतं. फोडतं ते लायसोझाइम. आपल्या अश्रूंत, लाळेत, अंड्याच्या पांढऱ्यात असतं ते. भिंतीचे धागे नॅम आणि नॅग या साखरांचे; त्यांच्यातला बंध ते सरळ कापतं. पेनिसिलिन तयार भिंतीला हातही लावत नाही. दोन्ही शोध फ्लेमिंगच्याच नावावर, १९२२ आणि १९२८ चे; घोळ बहुधा तिथेच होतो.

मग जिवाणू फुटतो कशानं? वाढायचं तर त्याला स्वतःची भिंत जागोजागी उसवून नवा धागा घालावा लागतो. उसवायला त्याचीच ऑटोलायसिन्स ही एन्झाइम्स असतात, धागे एकमेकांना जोडणारे टाके घालायला ट्रान्सपेप्टिडेज हे एन्झाइम. पेनिसिलिन या टाके घालणाऱ्याला जखडून ठेवतं. उसवणं मात्र थांबत नाही. आत पाणी शिरतं आणि पेशी फुटते. १९५६ साली लेडरबर्गनं ई. कोलायला पेनिसिलिनसोबत भरपूर सुक्रोज दिलं, म्हणजे बाहेरचं द्रावण दाट झालं आणि पाणी आत घुसेना, तर जिवाणू फुटले नाहीत. दांड्यांचे नुसते गोळे झाले. हा प्रयोग उत्तरात एका ओळीत आला तरी मला पुरतो. आणि वाढ थांबलेल्या जिवाणूवर पेनिसिलिन का चालत नाही, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

‘टाका घालायला एटीपी लागतो’ हेही नेहमीचं. अहो, टाका पडतो पेशीपटलाच्या बाहेर; तिथे एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, आणणार कुठून? तो आत, पेशीद्रव्यात सुटे भाग बनवतानाच खर्च होतो. ते भाग बॅक्टोप्रीनॉल या पटलातल्या मेदी वाहकावर बसून पटलापार जातात. प्रत्येकाला पाच अमिनो आम्लांची शेपटी, तिच्या टोकाला दोन डी-ॲलानिन. शेवटचं डी-ॲलानिन तुटतं, आणि त्या तुटलेल्या बंधाच्या ऊर्जेवरच शेजारच्या शेपटीशी टाका पडतो. म्हणून आकृतीत टाका देणाऱ्या शेपटीवर चारच आम्लं उरली पाहिजेत. पाच दिसली की मी अर्धा गुण कापतो.

पेनिसिलिनची ठेवण या डी-ॲलानिनच्या जोडीसारखीच, म्हणून एन्झाइम फसतं. व्हँकोमायसिन हे दुसरं प्रतिजैविक एन्झाइमकडे बघतही नाही. ते थेट त्या जोडीवरच बसतं. ही दोन उलटसुलट लिहू नका.

ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे ग्रॅम रंजनात गुलाबी दिसणाऱ्या जिवाणूलाही भिंत असते, पातळ का होईना, आणि तिच्याबाहेर आणखी एक पटल. भिंत नसते ती मायकोप्लाझ्माला.

आता ग्रॅम रंजनाचं प्रॅक्टिकल. आधी क्रिस्टल व्हायोलेट-आयोडीनचा जांभळा रंग, मग अल्कोहोलनं धुणं, शेवटी गुलाबी रंग; जाड भिंत जांभळा धरून ठेवते. बॅसिलस जांभळा यायला हवा, तो गुलाबी आला की सगळे अल्कोहोलला दोष देतात. मागे एका मुलीनं तीन स्लाइड केल्या, अल्कोहोल थेंब मोजून टाकलं, तरी निम्मे दांडे गुलाबीच. स्लँट, म्हणजे कल्चरची तिरक्या आगरची नळी, बघितला तर दिवाळीच्या सुट्टीआधीचा! जुन्या कल्चरमध्ये नवी भिंत घालणं थंडावलेलं असतं, ऑटोलायसिन्सचं काम सुरूच असतं. विरलेली भिंत क्रिस्टल व्हायोलेट-आयोडीन धरून ठेवू शकत नाही. १८ ते २४ तासांचं कल्चर घ्या. त्याच स्लाइडवर शेजारी ताज्या स्टॅफिलोकोकसचा पातळ स्मिअर करा, पलीकडे ई. कोलायचा. स्टॅफही गुलाबी आला तर अल्कोहोल जास्त झालं. ई. कोलाय जांभळा राहिला तर कमी पडलं. दोघं बरोबर आणि तुमचा बॅसिलस तेवढा गुलाबी, तर स्लँटवरची तारीख वाचा.