पेटीला सरावलेला कान तानपुऱ्यावर कसा आणायचा

आपल्याकडं परभणी-लातूरकडच्या गावांत बहुतेकांचं गाणं भजनी मंडळात, पेटीच्या मागं मागंच सुरू होतं, त्यामुळं कानाला पेटीचाच गंधार खरा वाटतो आन मग कुणी तानपुऱ्यावर गायला बसवलं की तिथला गंधार उतरलेला वाटायला लागतो. आवाजात काही खोट नसते. कान रोज जे ऐकतो तेच त्याला सुरेल वाटतं, म्हणूनच तो वळवतापण येतो.

सप्तकाचे 1200 सेंट धरा, सेंट म्हणजे सुरांमधलं अंतर मोजायचं बारकं माप. तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार सा पासून 386 वर आहे आन पेटीचा 400 वर, कारण नेहमीच्या पेटीत बाराही सुरांमधलं अंतर सारखंच ठेवलेलं असतं. पेटीचा शुद्ध धैवत तर आपोआप जुळणाऱ्या धैवतापेक्षा 16 सेंट चढा. पंचमात फरक फक्त 2 चा, तो कुणाला टोचत नाही.

आधी हे पेटीवरच ऐका. पेटी नीट लावलेली पाहिजे, आन सुरांची (रीडची) एकच लाइन चालू ठेवा, कपलर (एका पट्टीसोबत दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टी दाबणारी सोय) बंद, नाहीतर दोन लाइनींचेच हेलकावे मधे येतात. सफेद 1 चा, म्हणजे पांढरी एक पट्टीचा सा (131 हर्ट्झच्या आसपासचा) आन त्याचा गंधार सोबत दाबून भाता एकसारखा चालवा, आवाज सेकंदाला साधारण 5 वेळा थरथरतो. आता सा-प दाबा, जवळपास स्थिर! हा फरक कानाला कळेपर्यंत पुढं जाऊ नका, सगळं याच्यावरच आहे.

मग तानपुरा. ॲप चालेल पण फोनच्या बारक्या स्पीकरवर खर्ज (सगळ्यात खालचा सा) येतच नाही, इअरफोन लावा. सकाळी पेटीला हात लावायच्या आधी बसा आन सुरुवातीला गाऊच नका, खर्जाच्या तारेत गंधार शोधा, सापडतो. सापडला की हळू आवाजात आकारात गंधार लावा, थोडा वरून खाली आणत, थरथर थांबली की तिथंच श्वास पुरेल तोवर धरा. काकड्यातल्या भूपाळ्या येत असतील त्यांनी भूप राग घ्यावा, ग आन ध दोन्हीवर थांबायला मिळतं.

संध्याकाळी मंडळात मात्र पेटीसोबतच गा, तिथं तानपुऱ्याचा गंधार लावून भांडू नका, रोज दोन्ही ऐकलं की कान दोन्ही सांभाळतो. आन ट्यूनरवर तपासायचं असलं तर साधा ट्यूनर पेटीच्याच हिशोबानं मोजतो, तुमचा बरोबर गंधार तो 14 सेंट उतरलेला दाखवणार, तो आकडा बघून वर चढवू नका.