लाव्ह्यांच्या खोलीतला अंधार : नव्या संशोधकांसाठी

दिवसाच्या लांबीचा पक्ष्यांच्या प्रजननावर होणारा परिणाम अभ्यासायला येणारे विद्यार्थी बहुधा जनुकांची नावे पाठ करून येतात. मी त्यांना आधी पक्ष्यांच्या खोलीत दार लावून पंधरा मिनिटे अंधारात उभे राहायला सांगते. डोळे सरावले की दाराच्या फटीतला आणि टायमरच्या बारीक दिव्याचा उजेड दिसू लागतो. तो बुजवल्याशिवाय पुढचे कोणतेही मोजमाप भरवशाचे नसते.

हे मी नुकसान सोसून शिकले. जपानी लाव्ह्यांचे नर ८ तास उजेड आणि १६ तास अंधार अशा लहान दिवसाच्या वेळापत्रकावर होते, म्हणजे त्यांची वृषणे तांदळाच्या दाण्याएवढी लहान राहायला हवी होती. पण एका सकाळी पिंजरे साफ करताना काही नरांच्या शेपटीखालची ग्रंथी फुगून लाल झालेली दिसली, आणि हलके दाबताच तिच्यातून पांढरा फेस आला. ही वृषणे कामाला लागल्याची खूण होती. खोलीत दिवे सकाळी सहाला लागत आणि रात्री आठला मी लाल टॉर्च घेऊन पाणी पाहायला जाई. उंदरांना लाल प्रकाश जवळजवळ दिसत नाही, म्हणून तिकडची सवय मी इथे आणली होती. पक्ष्यांत मात्र प्रकाश कवटीतून थेट मेंदूतल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींपर्यंत पोचतो आणि लाल प्रकाश ऊतींतून अधिक खोल जातो. डोळे काढलेल्या बदकांची वृषणेही उजेडाने वाढतात, हे फ्रान्समध्ये शास्त्रज्ञ झाक बन्वा यांनी १९३० च्या दशकातच दाखवले होते. त्यातून माझी वेळ नेमकी दिवे लागल्यापासून चौदाव्या तासाची, जेव्हा थोडक्या उजेडानेही लाव्हीचा मेंदू दिवस मोठा झाल्याचे धरतो.

तो तास इतका मोलाचा का, हे नागोया विद्यापीठातील योशिमुरा यांच्या गटाच्या २००३ आणि २००८ मधील कामामुळे कळते. लहान दिवसांनंतरच्या पहिल्याच मोठ्या दिवशी, उजाडल्यापासून सुमारे १४ तासांनी, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या देठालगतच्या भागात थायरॉइड-उद्दीपक संप्रेरकाचे जनुक जागे होते. त्यानंतर चारेक तासांनी मेंदूतल्या अधश्चेतकात (हायपोथॅलॅमस) टी-४ या थायरॉइड संप्रेरकाचे क्रियाशील टी-३ करणारे विकर वाढते, आणि बाविसाव्या तासाच्या सुमारास रक्तातले ल्युटिनायझिंग हॉर्मोन, म्हणजे वृषणांना चालना देणारे संप्रेरक, चढू लागते. आमच्या खोलीच्या हिशेबाने हे टप्पे रात्री आठ, मध्यरात्र आणि पहाटे चार असे पडतात. म्हणून नमुने घेणाऱ्या दोघांनी पाळ्या आधीच ठरवाव्यात आणि नमुन्याच्या डबीवर घड्याळातली वेळ न लिहिता दिवे लागल्यापासूनचे तास लिहावेत.

प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी पक्षी आणण्याआधी हवी. हिवाळ्यात आपल्याकडच्या ज्वारीच्या शेतांत थव्याने उतरणाऱ्या काळ्या डोक्याच्या भारिटावर काम करायचे असेल, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालील परवानगीही लागते. त्या अर्जाला वेळ लागतो आणि पक्षी वसंतात परततात, म्हणून तो पावसाळ्यातच करावा.