जुगाराचा चित्रपट कसा पाहावा

दिवाळीत आजोळी चिंचोके लावून तीन पत्ती खेळलेल्या माणसालाही पोकरवरचा चित्रपट पाहताना बऱ्याचदा पार्श्वसंगीत चढले म्हणजे कोणीतरी जिंकले, एवढेच कळते. एका संध्याकाळच्या तयारीने ही अडचण दूर होते.

सर्वप्रथम पत्त्यांचा एक कॅट आणि मूठभर चिंचोके घेऊन चार जणांनी बसावे. पैसे लावू नयेत. जुगारबंदीचा 1887 सालचा कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे आणि चिंचोक्यांनीही हात पुरेसा थरथरतो. टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने पालथी मिळतात, मध्यभागी आधी तीन, मग एक, मग आणखी एक अशी सर्वांची सामाईक पाने उघडतात, दर टप्प्यावर बोली लागते आणि सातांतली उत्तम पाच पाने धरली जातात. आपला गोंधळ होतो तो एका ठिकाणी: तीन पत्तीत सिक्वेन्स (लागोपाठची पाने) कलरला (एकाच चिन्हाची पाने) मारतो, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो. याचे कारण निव्वळ गणिती आहे. तीन पानांत साधे सिक्वेन्स 720 आणि कलर 1,096 प्रकारे जमतात. पाच पानांत मात्र सिक्वेन्स 10,200 आणि कलर 5,108 प्रकारे जमतात, आणि जे दुर्मीळ ते वरचढ.

त्यानंतर चित्रपटांचा क्रम ठरवावा. पुणेकराने आरंभ 1951 च्या ‘बाजी’ने करावा, असे माझे मत आहे. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्या प्रभात स्टुडिओत उमेदवारी करताना गुरुदत्त आणि देव आनंद यांची मैत्री जमली, आणि एकमेकांना संधी देण्याच्या तिथल्या शब्दातून पुढे हा चित्रपट आला. यात पत्त्यांचे बारकावे फारसे नाहीत. पण गरजू माणूस डावाकडे कसा ओढला जातो, हे नीट दिसते. मग हॉलिवूडचे दोन: 1965 चा ‘द सिनसिनाटी किड’ आणि शेवटी 1998 चा ‘राउंडर्स’ पाहावा.

प्रत्यक्ष पाहताना पानांपेक्षा एका प्रश्नाकडे लक्ष ठेवावे: या क्षणी कोणाला काय ठाऊक आहे? नायकाची पाने आपल्याला दाखवली असतील, तर आपण त्याचे साथीदार होतो आणि त्याचा चेहरा त्याला फितूर होईल की काय, ही धास्ती आपल्याला लागते. समोरच्याची पाने दाखवली असतील, तर नायक चुकतो आहे हे दिसत असूनही आपल्याला ओरडता येत नाही. युधिष्ठिर हरणार हे माहीत असताना द्यूताचे आख्यान ऐकणाऱ्याची जी तगमग होते, तीच ही. कोणाचीच पाने दाखवली नसतील, तर उरतात फक्त चेहरे. ‘राउंडर्स’मधला प्रतिस्पर्धी बिस्किट कसे खातो यावरून नायक त्याची पाने ताडतो, आणि हा भाग पाहिल्यावर प्रेक्षकही आपल्या शेजाऱ्याच्या हातांकडे पाहू लागतो. खऱ्या टेबलाभोवती बसणाऱ्याला इतक्या जवळून कोणाचा चेहरा न्याहाळता येत नाही. कॅमेऱ्याला येतो, आणि हे चित्रपट जुने न होण्याचे मुख्य कारण मला तरी हेच वाटते. (पैशाचे आकर्षण असतेच, पण ते लवकर ओसरते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तात फासे सोडू न शकणारा जुगारी विलाप करतो. त्यात आपल्याला आठवतो तो विलाप, रक्कम नव्हे.)

शेवटच्या डावाला मात्र चित्रपट थांबवावा. ‘सिनसिनाटी किड’मध्ये (इथे होल्डेम नाही, प्रत्येकाच्या पाच पानांतले एकच पालथे असते) तरुण खेळाडूकडे एक्क्यांचे फुल हाउस असते, म्हणजे तीन एक्के आणि एक जोडी. पाच पानांच्या 25,98,960 मांडण्यांपैकी अवघ्या 40 मांडण्या एकाच चिन्हाच्या सिक्वेन्सच्या असतात आणि फुल हाउसला हरवणाऱ्या मांडण्या एकूणच मोजक्या असतात. म्हातारा प्रतिस्पर्धी पालथे पान उलटण्याआधी प्रत्येकाने आपण किती चिंचोके लावले असते ते कागदावर लिहावे, कागद दुमडून ठेवावा आणि मगच चित्रपट पुढे सुरू करावा.