तलावाकाठच्या ले-आउटचं मंडळ चालवताय? या चुका टाळा

आपल्या आखीव पत्रिकेत, म्हणजे मालकीच्या सरकारी कागदात, प्लॉट असतो, तलाव नसतो. हे वाक्य मी प्रत्येक नव्या कार्यकारिणीला पहिल्याच बैठकीत ऐकवते. आणि प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणतंच, "पण काकू, आपल्या गेटसमोरच तर आहे ना!" समोर तर रस्ताही आहे. तो आपण विकायला काढतो का?

बँकेतून निवृत्त झाल्यावर प्लॉटधारक मंडळाचं सचिवपद माझ्या गळ्यात पडलं, ते अजून उतरलेलं नाही. तलाव पश्चिम नागपुरातला, लहानसा. नाव लिहीत नाही, लिहिलं तर शेजारच्या ले-आउटवाल्यांचे फोन सुरू होतील. पण इतर तलावांकाठच्या मंडळांचे लोक भेटतात तेव्हा कळतं, चुका सगळीकडे त्याच. फक्त चूक करणारा दरवर्षी नवा असतो आणि त्याला घाई असते.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे जलपर्णीवर औषध मारणं. एका वर्षी आमची कार्यकारिणी तरुण होती. उत्साही मुलं, वाईट कोणीच नाही. एप्रिलमध्ये अर्धा तलाव हिरवागार झाला होता. माणसं लावून उपसायचा खर्च ऐकून अध्यक्षांनी तणनाशकाचे कॅन आणले आणि दोन मजूर डोंग्यात बसवून दिले. मी आडवी गेले तर म्हणाले, "काकू, तुम्ही काहून टेन्शन घेऊन राहिल्या? आठ दिवसांत साफ होऊन जाते, पाहा."

साफ झालं. चौथ्या दिवशी पानं पिवळी पडली, व्हॉट्सॲपवर फोटो फिरले, अंगठ्यांचा पाऊस पडला. मग ती पानं काळी झाली आणि तळाशी बसली. नवव्या दिवशी पहाटे मी फिरायला गेले तर पायऱ्यांपाशी मासे तोंड वर काढून आ वासत होते. उन्हानं वाळूत पडल्यासारखे, पण पाण्यात. सात वाजेपर्यंत रोहू आणि कटला पोट वर करून काठाला लागले. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन आधीच कमी मावतो. वर एवढा पाला एकदम कुजायला लागला की उरलेला तो खातो. रात्री पाण्यातल्या वनस्पती ऑक्सिजन तयार करत नाहीत, वापरतात, म्हणून पहाटेची वेळ सगळ्यात वाईट. हे शाळेत शिकलेलंच असतं, कॅन उघडताना आठवत नाही एवढंच.

तलावातली मासेमारी एका मच्छीमार संस्थेकडे ठेक्यानं होती, हे आमच्या निम्म्या सभासदांना त्या सकाळी कळलं. संस्थेचे एक म्हातारे सदस्य सायकलवर आले. ओरडले नाहीत. एक मासा उचलून कल्ले उघडून पाहिले आणि म्हणाले, "पावसाळ्यात बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, सोडली होती जी बाई. पुढच्या महिन्यात जाळं टाकणार होतो." मंडळाच्या ठेवीतून पस्तीस हजार भरून दिले. अध्यक्षांनी राजीनामा दिला, वास मात्र जूनपर्यंत गेला नाही. आणि जलपर्णी? पोळ्यापर्यंत परत हजर. तिचं बी तळाच्या गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं, आणि अनुकूल पाण्यात ती दोनेक आठवड्यांत दुप्पट होते.

मी काय करते ते सांगते. फेब्रुवारी ते मे, पाणी उतरलेलं असताना, दोर आणि बांबूनं ती काठाकडे ओढून घ्यायची. हे काम त्याच मच्छीमारांना द्यायचं. त्यांना तलाव कुठे खोल आहे आणि कुठे पाय रुततो हे माहीत असतं. काढलेला ढीग काठावर ठेवायचा नाही, पहिल्या पावसात तो घसरून परत पाण्यात जातो. बंधाऱ्याच्या पलीकडच्या उतारावर चार-पाच दिवस पसरून ठेवा. जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. नागपूरच्या उन्हात ती वाळून एवढीशी होते आणि ट्रॅक्टरच्या फेऱ्या निम्म्यानं कमी होतात. ओली जलपर्णी ट्रॉलीत भरणारे लोक पाणी वाहून नेण्याचं भाडं देतात, दुसरं काही नाही. हो, आणि हे सगळं तलाव ज्याच्या ताब्यात आहे त्याची लेखी परवानगी घेऊन. मनपा, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) की आणखी कोणी, ते आधी शोधा.

पण उपसून उपसून किती उपसणार? ती जगते आपल्या सांडपाण्यावर. प्रत्येक बैठकीत झोपडपट्टीकडे बोट दाखवलं जातं, म्हणून एका वर्षी मी रंगपंचमीचा उरलेला लाल रंग घेतला. एकेका घरी जाऊन संडासात टाकला, भरपूर पाणी ओतलं आणि पावसाळी नालीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले. दिवसाला एकच घर, नाहीतर रंग कोणाचा ते कळत नाही. पहिलं लाल पाणी आलं ते माझ्याच घराचं. मिस्त्रीनं वीस वर्षांपूर्वी सेप्टिक टँकचा ओव्हरफ्लो गुपचूप नालीत सोडला होता. स्वतःचा पाइप आधी दुरुस्त केला, पावती सूचना फलकावर लावली, मग इतरांची दारं वाजवली. अजून तीन घरं बाकी आहेत. त्यातले एक गृहस्थ बैठकीत जलपर्णीवर सगळ्यात जास्त बोलतात.

दुसरी माझी आवडती चूक कागदाची आहे. आमच्यासारखी बरीच मंडळं १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असतात. सहकारी गृहनिर्माण संस्थेचे नियम वेगळे. तुमचं मंडळ नेमकं काय आहे हे नोंदणीपत्र काढून बघा, अंदाजानं सांगू नका. निवडणूक झाली, हार-तुरे झाले, की सगळ्यांना काम संपलं असं वाटतं. कार्यकारिणी बदलली की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, द्यावा लागतो. मी सूत्रं घेतली तेव्हा आधीच्या तीन कार्यकारिण्यांचा एकही चेंज रिपोर्ट गेलेला नव्हता. शेड्यूल-वनवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीवर, ज्यांची नावं होती त्यातले एक देवाघरी गेलेले, एक मुलाकडे पुण्याला, तिसऱ्यांना आपण कधी खजिनदार होतो हेच आठवेना. बँकेनं सह्या बदलायला नकार दिला. मी स्वतः आयुष्यभर काउंटरच्या त्या बाजूला बसून असाच नकार दिलेला, त्यामुळे भांडायलाही तोंड नव्हतं. विलंब माफीचे अर्ज, वकिलाची फी, जुन्या नोटिसा कोणाच्या माळ्यावर आहेत त्याचा शोध, यात दीड वर्ष गेलं. तोपर्यंत चौकीदाराचा पगार मी आणि खजिनदार खिशातून देत होतो.

आता मी आमसभेच्या दिवशीच फाइल तयार ठेवते. नोटीस, ती मिळाल्याच्या सह्या, कोरं इतिवृत्त, नव्या सदस्यांची संमतीपत्रं, जाणाऱ्यांचे राजीनामे. तर्री-पोहे सभा झाल्यावर, सह्या झाल्या की प्लेट. हसतात लोक, पण सह्या होतात.

व्हॉट्सॲपवर 'ओके' म्हणजे ठराव नव्हे. यावर अजून काही लिहायची इच्छा नाही.

वर्गणी न देणाऱ्याचं नाव गेटवर लावू नका. वसुली होत नाही, वैर मात्र पिढीजात होतं. दर तिमाहीला पावतीपुस्तक घेऊन मी स्वतः घरी जाते, चहा घेते, उठत नाही.

गणपती तलावात नको. मनपा कृत्रिम टाके ठेवते, तिथेच न्या. निर्माल्यही तिथेच.

नालीचं मात्र जरा सांगते. घरासमोरची नाली स्लॅब टाकून बंद करायची, वर ओटा करायचा, गाडी लावायची. शेजारधर्म म्हणून मंडळ गप्प बसतं. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. दीडशे वर्षांचा अंबाझरी ओसंडून वाहिला, नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये घराघरांत पाणी शिरलं. आमचा तलाव त्या मानानं काहीच नाही. तरी त्या रात्री आमच्याकडे गुडघाभर पाणी होतं, कारण सांडव्याच्या नालीवर अकरा ओटे होते. सकाळी जेसीबी मागवला तेव्हा एकानंही आपल्या ओट्यासाठी वाद घातला नाही. दिवाळीपर्यंत चार परत बांधले गेले. आता मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी टॉर्च घेऊन सांडव्यापासून शेवटच्या चेंबरपर्यंत चालते, सोबत दोन सभासद आणि फोटो काढायला कोणाचा तरी नातू. फोटो तारखेसह झोन कार्यालयात पत्राला जोडते आणि पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय परतत नाही.

परवा एका नव्या सभासदानं ग्रुपवर ड्रोननं फवारणी करून देणाऱ्या कोणाचं तरी कोटेशन टाकलं. खाली लिहिलं, 'काकू, एका दिवसात काम होऊन जाईल.' सत्तावीस जणांनी अंगठा दिलाय. मी त्याला रविवारी पहाटे सहाला पायऱ्यांवर बोलावलंय. सायकलवाले काका येणार आहेत, दोराच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस कमी पडतोय.